ईयोबाचे मधले अध्याय

“ईयोब काढ,” आई म्हणाली. “पण पहिले दोन अध्याय सोड. तिसऱ्यापासून वाच.”

रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. गरम पाण्याच्या पातेल्यातून तिचे हात काढून मी टॉवेलने टिपत होते. आमवाताचं ते अकरावं वर्ष. बोटं करंगळीच्या बाजूला कललेली, मनगटं सुजलेली, आणि सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ उघडायची नाही. आयुष्यभर तिने पहिली-दुसरीच्या मुलांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली. आता तिला पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, पान उलटता येत नव्हतं. तो कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. दोन पानं चिकटली की तिच्या बोटांना सुटायची नाहीत. मी पतसंस्थेत रोखपाल आहे. नोटा मोजताना बोट ओलं करायला आमच्या काउंटरवर स्पंजची गोल डबी असते, तसली एक मी तिच्या उशाशी आणून ठेवली. दिवसा मी कामावर असताना ती अंगठा स्पंजवर टेकवायची आणि एकेक पान ओढायची. रात्री मी वाचून दाखवायचे.

ईयोब हे जुन्या करारातलं एक पुस्तक, सगळं गमावून आजारी पडलेल्या एका देवभक्त माणसाचं. त्याचा तिसरा अध्याय मी त्याआधी कधी मोठ्याने वाचला नव्हता. सव्वीस ओव्या, आणि त्यात ईयोब आपल्या जन्माला शाप देतो. मी जन्मलो तो दिवस नाहीसा होवो, ती रात्र वर्षाच्या दिवसांत मोजली न जावो, मी आईच्या पोटातून निघताच का नाही मेलो. मी मध्येच थांबले. दुखण्याने बेजार झालेल्या बाईला झोपायच्या आधी हे वाचून दाखवायचं?

“थांबलीस का?” तिने डोळे मिटूनच विचारलं. “वाच की. याला बोलता येतं.”

त्याच दिवशी दुपारी महिला मंडळाच्या चौघीजणी येऊन गेल्या होत्या. चांगल्या बायका. येताना पेरू आणले, जाताना कपबशा विसळून गेल्या. प्रार्थना केली, गाणं म्हटलं, आणि निघताना त्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईंनी आईचा हात हातात घेऊन सांगितलं, “ईयोबासारखा धीर धरा, बाई. प्रभू तुम्हाला पारखतोय.” आईने मान हलवली, सलाम केला. त्या गेल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कुठे धरला त्याने धीर? मला दाखव.”

ईयोबाचा धीर हा शब्दप्रयोग नव्या करारातून आला आहे. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात, अकराव्या ओवीत तो आहे, आणि तिथून तो आपल्या प्रवचनांत, शोकसभांत, सांत्वनाच्या पत्रांत पसरला. धीराचा ईयोब ईयोबाच्या पुस्तकातही आहे, नाही असं नाही. पण तो पहिल्या दोन अध्यायांत आहे. गुरंढोरं गेली, दहा मुलं घर कोसळून मेली, आणि तो जमिनीवर पालथा पडून म्हणतो, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. अंगभर फोडं उठल्यावरही तोंडातून वावगा शब्द काढत नाही. ही गोष्ट साध्या गद्यात आहे, लहान मुलाला सांगावी तशी. मग तिसऱ्या अध्यायापासून काव्य सुरू होतं आणि ते बेचाळिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत चालतं. त्या काव्यातला ईयोब देवाला कोर्टात खेचायला निघालेला आहे. माझी थुंकी गिळण्याइतका वेळ तरी मला सोड, असं तो सातव्या अध्यायात देवाला म्हणतो. तेविसाव्यात म्हणतो, तो कुठे सापडेल एवढं कळलं तर त्याच्या दारात जाऊन माझी बाजू मांडीन.

आम्ही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिले दोन अध्याय वाचतो, शेवटचा वाचतो, आणि मधले गाळतो. मी चाळीस वर्षं उपासनेला जाते आहे. मधल्या अध्यायांवर एकही प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही. एक वचन तेवढं आठवतं, माझा उद्धारक जिवंत आहे हे, कारण ते अंत्यविधीला म्हटलं जातं.

त्या हिवाळ्यात आम्ही मधले अध्याय वाचून काढले. रोज एक, कधी दोन. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र मला आधी वाईट माणसं वाटायची. ती तशी नाहीत. त्यांनी लांबून ईयोबाला पाहिलं तेव्हा तो ओळखू येईना, ते मोठ्याने रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोललं नाही. पुढे तोंड उघडल्यावरही त्यांनी शास्त्राबाहेरचं काही सांगितलं नाही. अलीफज म्हणतो, जे अधर्म नांगरतात आणि दुःख पेरतात ते तेच कापतात. पेरावं तसं उगवतं, हे आपणही म्हणतोच. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञा पाळणाऱ्यांना आशीर्वाद आणि मोडणाऱ्यांना शाप यांची लांबलचक यादीच आहे. नीतिसूत्रांत पानोपानी तेच आहे. म्हणजे हे तिघे देवाच्याच वचनाचा आधार घेऊन बोलत होते. आणि तरी बेचाळिसाव्या अध्यायाच्या सातव्या ओवीत देव अलीफजला म्हणतो की माझा राग तुमच्यावर भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.

ही ओवी मी आईला तीनदा वाचून दाखवली. तिनेच सांगितलं तीनदा वाचायला.

अध्यायामागून अध्याय जो देवाशी भांडला तो यथार्थ बोलला, आणि ज्यांनी देवाची बाजू घेतली ते चुकले. त्यांना सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडेच जावं लागलं, त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना केली तेव्हा ते सुटले. मला वाटतं, आजारी माणसाच्या खोलीत शिरण्यापूर्वी प्रत्येक विश्वासणाऱ्याने ही एक ओवी वाचावी. पाळकांनी तर वाचावीच.

देवाने ईयोबाला उत्तर मात्र दिलं नाही. वावटळीतून तो चार अध्याय बोलतो, आणि त्यात दुःखाचं कारण कुठेही नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? रानबकऱ्या कधी वितात हे तुला ठाऊक आहे का? शहामृग, गरुड, पाणघोडा. मला ते टाळाटाळीसारखं वाटलं आणि मी आईला तसं म्हणाले. ती थोडा वेळ गप्प राहिली. “उत्तर नाही दिलं खरं,” ती म्हणाली. “पण आला तरी.”

शेवटाबद्दल मात्र ती माझ्याहून कडक होती. ईयोबाला सगळं दुप्पट मिळतं. सात हजार मेंढरांची चौदा हजार होतात, तीन हजार उंटांचे सहा हजार. मुलं मात्र पुन्हा दहाच, सात मुलगे आणि तीन मुली. ते वाचल्यावर ती उशीवर उठून बसायचा प्रयत्न करत म्हणाली, “आणि पहिल्या दहांचं काय? ती आली का परत? त्यांच्या आईला कोणी विचारलं?” ईयोबाच्या बायकोला आम्ही संडेस्कूलपासून दोष देत आलो, कारण ती म्हणाली होती, देवाचे नाव सोडा आणि मरा. ती दहा मुलं तिच्याही पोटची होती, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. माझा एक भाऊ दीड वर्षाचा असताना गेला. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. त्या रात्री पुढचं वाचन झालं नाही.

शेजारच्या काकू आईची वहिनी असल्यासारख्या वागायच्या. तिला न्हाऊ घालायला रोज सकाळी यायच्या. त्या म्हणायच्या, “मागच्या जन्मीचे भोग असतात, भोगूनच संपवायचे.” आमच्या बायका म्हणायच्या, पारख. दोघींच्याही बोलण्यात कुठेतरी एक हिशेबाची वही होती आणि आईचं नाव त्यात नावे बाजूला लिहिलेलं होतं. आमच्या शास्त्रातही त्या वहीवरून भांडण आहे. निर्गम या पुस्तकात दहा आज्ञांमध्येच लिहिलं आहे की वडिलांच्या अन्यायाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत होतं. आणि यहेज्केल संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात ठणकावतो की, आंबट द्राक्षं खाल्ली बापांनी आणि दात आंबले मुलांचे, ही म्हण इस्राएलात पुन्हा कोणी म्हणायची नाही. ज्याचं पाप त्याच्याच माथी. बंदिवासात गेलेल्या, घरदार गमावलेल्या लोकांना तो हे सांगत होता. त्यांच्या डोक्यावरचं आजोबा-पणजोबांचं ओझं त्याने उतरवलं.

येशूच्या शिष्यांनी जन्मांध माणसाला पाहून विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्याने विचारलं, यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? नाही, म्हणाला. एवढं आईला पुरेसं होतं. पण जन्मांधाच्या गोष्टीत पुढचं एक वाक्य आहे, देवाची कार्यं याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून हा असा जन्मला. ते वाक्य तिला कधीच पटलं नाही, आणि मी खोटं कशाला बोलू, मलाही पटत नाही. एका माणसाचं अर्धं आयुष्य अंधारात जावं, ते कोणाला काही दाखवण्यासाठी? येशूने त्याच्या डोळ्यांवर थुंकी आणि मातीचा चिखल लावला, त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवलं, तो बघायला लागला. त्याच्या त्या हातांवर माझा विश्वास आहे. त्या वाक्याशी मी अजून भांडते.

पौल, ज्या प्रेषिताची पत्रं नव्या करारात आहेत तो, आमच्या घरात फार वाचला गेला नाही. रोमकरांस पत्रातला पाचवा अध्याय, संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा उत्पन्न होते, ही शिडी आई बोलून दाखवायची, पण काढून वाच म्हटलं की “राहू दे” म्हणायची. कारण ती शिडी तिच्यासमोर फार वेळा उभी केली गेली होती, आणि उभी करणारे सगळे धडधाकट होते. पौल स्वतः तसा नव्हता. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात त्याने मोजून सांगितलं आहे: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं. ज्याच्या पाठीवर ते वळ आहेत तो म्हणतो की संकटाने धीर येतो, तेव्हा ऐकावंसं वाटतं. तेच वाक्य मी पाणी पिऊन, पंख्याखाली बसून दुसऱ्याला सांगितलं तर त्याचा गोटा होतो. पुढच्याच अध्यायात त्याच्या देहातला काटा आहे. काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवलं, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. तो काटा नेमका कसला हे पौलाने कुठेच लिहिलेलं नाही. आईला ते आवडायचं. “प्रत्येकाला आपला काटा घालता येतो तिथे,” ती म्हणायची.

हे सगळं दुखण्याबद्दल. पण काही दुःख अंगावर येतं ते दुसऱ्याच्या हातून येतं, आणि तिथे धीराचा उपदेश केवळ निरुपयोगी नसतो, तो जिवावर बेततो. आमच्या चाळीत एक मुलगी होती, लग्नाला सहा वर्षं झालेली, नवरा मारायचा. ती मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेली तर तिला पेत्राचं पहिलं पत्र वाचून दाखवण्यात आलं. दुसऱ्या अध्यायात दासांना सांगितलं आहे की कठोर धन्यांच्याही अधीन राहा, अन्याय सोसणं देवाला मान्य आहे. आणि तिसरा अध्याय ‘तसेच’ म्हणून पत्नींकडे वळतो. आपला क्रूस उचल, असंही सांगितलं तिला. ती आईजवळ येऊन बसली, दंडावरची काळीनिळी खूण पदराखाली झाकत.

आईने मला हागारेची गोष्ट काढायला सांगितली. हागार ही अब्राहामाची बायको साराय हिची मिसरी दासी. उत्पत्ती या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात ती मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळून जाते आणि देवदूत तिला म्हणतो, परत जा, तिच्या हाताखाली राहा. एकविसाव्या अध्यायात ती पुन्हा रानात आहे, या वेळी कायमची. पाण्याची पखाल संपली आहे, पोराला तिने झुडपाखाली ठेवलं आहे आणि त्याचं मरण बघवत नाही म्हणून बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन रडते आहे. तिथे तिला कोणी परत जा म्हणत नाही. देव पोराचा आवाज ऐकतो, तिचे डोळे उघडतो, तिला विहीर दिसते.

मी सोळाव्यावर बोट ठेवलं तशी आई म्हणाली, “तो नको. तो तिला वाचून झालाय. एकविसावा वाच. आणि मग निर्गमाचा तिसरा.” निर्गमाच्या तिसऱ्यात जळत्या झुडपातून देव मोशेला म्हणतो, माझ्या लोकांची विपत्ती मी पाहिली आहे, मुकादमांच्या जाचाने त्यांनी केलेला आक्रोश मी ऐकला आहे, त्यांना सोडवायला मी उतरलो आहे. गुलामांना तिथे कोणी धीर धरायला सांगत नाही, उठून निघायला सांगतात. त्या मुलीने दोन्ही अध्याय ऐकले. पाचव्या दिवशी तिची ट्रंक आमच्या जिन्याखाली होती, आणि आठवड्याने ती मुलाला घेऊन माहेरी, तिथून पुढे नर्सिंगच्या कामाला. वडीलधाऱ्यांपैकी दोघे आईशी बोलेनासे झाले. आईने त्याचं वाईट वाटून घेतलं, नाही असं नाही. पण त्या मुलीचं पत्र आलं की मला दोनदा वाचायला लावायची.

आमच्या भाषेत हे शास्त्र ज्या बाईने एकटीच्या हिमतीने पुन्हा उतरवलं तिचा विचार मला अशा वेळी येतो. पंडिता रमाबाईंचं आईवडील आणि बहीण असं घरच दुष्काळात गेलं. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पटकीने नवरा, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं ते दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी. रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या, तिथेच त्यांनी सबंध बायबलचं मराठी केलं, आणि त्याच्या छपाईचे खिळे जुळवायला त्याच मुली होत्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. म्हणजे विलापगीत मराठीत आणणाऱ्या हाताला विलाप दुसऱ्याकडून उसना घ्यावा लागला नव्हता.

विलापगीताचं आईला विशेष होतं, आणि ते शिक्षिका म्हणून. यरुशलेम पडल्यावरची ती पाच गीतं. इब्री वर्णमालेत अक्षरं बावीस. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या गीतात बावीस कडवी, प्रत्येक कडवं पुढच्या अक्षराने सुरू होणारं. तिसऱ्यात दर अक्षराला तीन, म्हणजे सहासष्ट ओव्या. पाचव्यात ओव्या बावीसच, पण अक्षरांचा क्रम तुटलेला. हे मी तिला एका टीकाग्रंथातून वाचून दाखवलं तेव्हा ती कितीतरी वेळ मनातल्या मनात काहीतरी जुळवत राहिली. मग म्हणाली, “क पासून ज्ञ पर्यंत रडायचं. एकही अक्षर सोडायचं नाही. आणि शेवटी दम संपला, की ओळीत राहायचंही सोडायचं.” आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच पुस्तकातलं वचन होतं, देवाची दया रोज सकाळी नवी होते. सहासष्टांपैकी बाविसावी-तेविसावी ओवी. आजूबाजूच्या ओव्या कॅलेंडरवर येत नाहीत.

स्तोत्रांचंही तसंच. दीडशेपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं तक्रारीची आहेत, आणि बहुतेक सगळी शेवटाकडे वळून स्तुतीवर येतात. अठ्ठ्याऐंशीवं येत नाही. इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. पुस्तक बांधणाऱ्यांनी ते दुरुस्त केलं नाही, काढूनही टाकलं नाही.

तिचा शेवटचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आम्ही घरीच केला. बारा ते तीनच्या उपासनेत येशूचे क्रुसावरचे सात उद्गार घेतात, तसे मी एकेक वाचत गेले. हे सात उद्गार कुठल्याही एका शुभवर्तमानात, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकात, नाहीत. लूकमध्ये तीन आहेत, आणि तिथे येशू शांतपणे जातो, पित्याच्या हाती आत्मा सोपवून. योहानात तीन आहेत, आणि शेवटी तो पूर्ण झाले आहे म्हणतो, काम हातावेगळं केल्यासारखं. मार्क आणि मत्तयात एकच आहे, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तेही बाविसाव्या स्तोत्राचे शब्द. मरताना त्याच्याजवळ स्वतःचं वाक्य नव्हतं, दुसऱ्या कुणाचं जुनं रडणं होतं. चौथ्या उद्गाराला मी थांबले. आईने तो माझ्याबरोबर पुरा म्हटला, आरामीतही म्हटला, एलोई, एलोई. मग पाणी मागितलं. पाचवा उद्गार तहानेचाच आहे, हे दोघींच्याही लक्षात आलं आणि दोघीही काही बोललो नाही.

ती गेली त्याला आता तीन वर्षं होतील. परवा कपाट आवरताना तिचं पवित्र शास्त्र हातात आलं. स्पंज दगडासारखा वाळून डबीला चिकटला होता. ज्या पानांना तिचा ओला अंगठा वारंवार लागला त्यांचे खालचे कोपरे फुगून लाटा आल्यासारखे झाले आहेत. पुस्तक मिटून कडेने पाहिलं तरी कुठे कुठे ते कळतं. मी तशीच खाली बसून ती जागा जागा उघडत गेले. ईयोब तीन, सात, तेवीस. स्तोत्र अठ्ठ्याऐंशी. विलापगीत तर पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळंच. हागारेची दोन्ही पानं. हे मला ओळखीचं होतं.

सगळ्यात जास्त फुगलेलं पान मात्र पुढे होतं, नव्या करारात. कोपरा इतका झिजला होता की ओवीचे आकडे पुसट झाले होते. रोमकरांस पत्र, पाचवा अध्याय. माझ्याकडून तिने ते एकदाही वाचून घेतलं नव्हतं.